फिजिक्स शिकवणीच्या नोंदी: आधी तुझा अंदाज सांग

८ जून

या वेळी ठरवलंय की शिकवणी नुसती घ्यायची नाही तर लिहून पण ठेवायची, कोण कुठे अडलं, का अडलं, आणि कशाने सुटलं. चार मुलं आहेत, प्रत्येकाचा आठवड्यातून एक तास एकट्याचा आणि एकदा सगळे मिळून बसतात. विषय मेकॅनिक्स आणि मग सर्किट, वेळ उरला तर प्रकाश.

पहिल्या तासाला काहीच शिकवायचं नाही असं ठरवलं होतं. आकडे नसलेले प्रश्न दिले फक्त. त्यातला एक जुना आणि फार कामाचा: नाणं सरळ वर फेकलं, हातातून सुटलंय, अजून वर चाललंय, हवेचा विरोध सोडून दे, आता त्यावर कुठले फोर्स आहेत ते बाण काढून दाखव. चौघांपैकी तिघांनी खाली गुरुत्वाकर्षण काढलं आणि वर एक मोठा बाण काढला. हा वरचा कसला म्हणून विचारलं तर जिला वर्गात चांगले मार्क असतात ती म्हणाली, "हाताचा फोर्स आहे ना ताई त्यात, तो हळूहळू संपत जातो आणि मग नाणं खाली येतं."

हे ऐकून मला बरंच वाटलं खरं तर, कारण तिने मनातलं जसंच्या तसं बाहेर काढलं. आणि हा काही बावळट विचार नाहीये. चौदाव्या शतकात जाँ बुरिदाँ नावाच्या विद्वानाने जवळपास हेच मांडलं होतं, फेकणारा माणूस वस्तूत एक जोर भरून देतो, त्याला तो इंपेटस म्हणायचा, आणि हवेचा अडथळा आणि वस्तूचं वजन मिळून तो जोर खात जातात. गॅलिलिओ पण तरुणपणी अशाच विचारातून गेला. म्हणजे मुलगी स्वतःच्या डोक्याने तिथपर्यंत पोचलीये, तिला कोणी शिकवलं नव्हतं. अशा विचाराला "चूक" म्हणून काट मारली की तो जात नाही, फक्त लपतो, आणि परीक्षेत आकडे नसलेला प्रश्न आला की परत वर येतो.

१२ जून

आज तो पटपट न्यूमेरिकल सोडवणारा मुलगा होता. याला सूत्रं सगळी पाठ, चिन्हं पण बरोबर घेतो, २० मीटर प्रति सेकंदने वर फेकलेला चेंडू किती उंच जाईल म्हटलं की २० मीटर असं उत्तर मी वाक्य संपवायच्या आत देतो (जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, १० धरून). मग मी विचारलं, अगदी वरच्या टोकाला त्वरण किती.

"शून्य."

"का?"

"थांबलाय ना तो तिथे."

"वेग शून्य, त्वरण पण शून्य. मग पुढच्या क्षणी काय होईल?"

इथे तो गप्प झाला. मी पण गप्प. ही शांतता वर्गात मिळत नाही, तिथे तिघं जण उत्तर ओरडून मोकळे होतात किंवा सर पुढे जातात, आणि ज्याच्या डोक्यात आत्ता काहीतरी हलत होतं त्याचं तिथेच राहून जातं. मी फक्त कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, दर सेकंदाचा वेग लिही. त्याने लिहिलं, २०, १०, ०, उणे १०, उणे २०. दर सेकंदाला बदल किती? उणे १०. प्रत्येक वेळी? हो. शून्याच्या अलीकडे पलीकडे पण? बराच वेळ कागदाकडे बघत होता आणि मग स्वतःच म्हणाला, "तिथे पण उणे १० च आहे. त्वरण शून्य असतं तर वेग बदललाच नसता, तो वरच राहिला असता."

मी यातलं एकही वाक्य सांगितलं नाही. त्याने सांगितलं. नंतर घरी जाताना दारातून परत आला आणि विचारलं की मग झोका अगदी टोकाला असताना पण त्वरण असतं का, तिथे पण तो क्षणभर थांबतो. असतं, आणि हा प्रश्न त्याने स्वतः काढला याचं मला फार कौतुक वाटलं.

१३ जून

कालचंच डोक्यात आहे. २००२ मध्ये कोरियातले किम आणि पाक यांनी एक अभ्यास छापला होता, मेकॅनिक्सची हजारएक गणितं सोडवलेली मुलं घेतली आणि त्यांना साधे समजुतीचे प्रश्न विचारले, तर हजार गणितांनंतर पण मूळ गोंधळ बऱ्याच जणांचे तसेच होते आणि गणितांची संख्या आणि समज यांचा फारसा संबंध दिसला नाही. पालक जेव्हा म्हणतात अजून सराव द्या, तेव्हा मला हे आठवतं. सराव हवाच, पण कशाचा ते बघायला हवं.

१९ जून

माझ्या स्वतःच्या बोलण्यावर नियम घातलाय: एका तासात माझं बोलणं मुलापेक्षा कमी हवं.

हे उगाच नाही. शिकवणीचा उपयोग होतो हे तर जुनं झालं, शिक्षणतज्ज्ञ ब्लूमने १९८४ मध्ये लिहिलं होतं की एकट्याने शिकवणी मिळालेला साधारण मुलगा वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. तो आकडा नंतर इतका मोठा टिकला नाही, व्हॅनलेनने २०११ मध्ये बरेच अभ्यास एकत्र तपासले तेव्हा फायदा त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी निघाला, पण तरी शिक्षणातल्या बाकीच्या उपायांच्या मानाने तो चांगला मोठाच आहे. मला खरा इंटरेस्ट आहे तो हा फायदा येतो कुठून यात. मिशेलीन ची (Chi) या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक मस्त प्रयोग छापला, विषय जीवशास्त्राचा होता पण मुद्दा इथेही लागू होतो, त्यात शिकवणाऱ्यांना सांगितलं की समजावून सांगायचं नाही, चूक बरोबर पण सांगायचं नाही, फक्त मुलाला बोलतं करायचं. आणि मुलं तेवढंच शिकली. म्हणजे मी किती छान समजावते यापेक्षा समोरचा किती बोलतो, किती विचार मोठ्याने करतो याला वजन जास्त आहे.

म्हणून माझी वाक्यं आता ठरलेली आहेत. असं का वाटतं? आकृतीत दाखव. पुढच्या सेकंदाला काय होईल? दुसऱ्या कोणाला पटवायचं असेल तर काय सांगशील? सुरुवातीला मुलांना हे फार त्रासदायक वाटतं, त्यांना उत्तर हवं असतं, आणि "असं का वाटतं" विचारलं की आपलं चुकलं असंच ते धरतात आणि लगेच उत्तर बदलतात. त्यामुळे बरोबर उत्तराला पण मी तेच विचारते.

२६ जून

आजचा अख्खा तास एका टेबलावरच्या पुस्तकावर गेला आणि वसूल झाला.

पुस्तक टेबलावर ठेवलंय, फोर्स दाखवा. खाली वजन, वर टेबलाचा नॉर्मल (टेबल पुस्तकाला वर रेटतं तो फोर्स), सगळ्यांचं बरोबर. मग विचारलं, न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली जोडी कुठली? चौघंही एका सुरात, हीच की, वजन आणि नॉर्मल, सारखे आणि उलट. हा गोंधळ मी इतक्या मुलांमध्ये बघितलाय की आता वाटच बघत असते.

त्यावर नियम केला की कुठलाही बाण काढला की त्याचं पूर्ण नाव लिहायचं, "कोणाने कोणावर". पृथ्वीने पुस्तकावर. टेबलाने पुस्तकावर. आणि जोडी म्हणजे तीच दोन नावं उलटी करायची, बस. पृथ्वीने पुस्तकावर, तर जोडी पुस्तकाने पृथ्वीवर. टेबलाने पुस्तकावर, तर पुस्तकाने टेबलावर. शांत मुलगी आहे एक, ती सहसा बोलत नाही, तिने हळूच विचारलं, "मग वजन आणि नॉर्मल सारखे कसे निघाले?" उत्तर बाकीच्यांना द्यायला लावलं, कारण पुस्तक स्थिर आहे, त्वरण शून्य, म्हणून एकूण फोर्स शून्य, हा पहिल्या दुसऱ्या नियमाचा मामला आहे, तिसऱ्याचा नाही. पक्कं व्हायला लिफ्ट घेतली: ५० किलोचा माणूस, लिफ्ट २ मीटर प्रति सेकंद वर्गने वर त्वरण घेतेय, वजन ५०० न्यूटनच राहिलं पण नॉर्मल ६०० झाला. जोडी असती तर असं कधीच झालं नसतं, तिसऱ्या नियमातली जोडी कुठल्याही परिस्थितीत सारखीच असते.

आणि याच नियमाने ते नाणं पण सुटलं. वरच्या बाणाचं पूर्ण नाव लिही म्हटल्यावर त्या चांगल्या मार्कवालीने लिहिलं "हाताने नाण्यावर" आणि थांबली. हात तर लागतच नाहीये. मग बाण कोणी लावला? कोणीच नाही. तिने खोडरबर घेतलं. पण लगेच विचारलं की फोर्स नाही तर ते वर जातंय कशामुळे, आणि खरी गाठ हीच आहे, चालू असलेल्या हालचालीला कारण लागतं असं आपल्या सगळ्यांना आतून वाटतं, कारण रोजच्या जगात घर्षण कायम असतं आणि ढकलणं थांबलं की वस्तू थांबते. कारण लागतं ते वेग बदलायला. हे एका दिवसात बसत नाही. तिला मी तसं सांगितलं पण, की हे सगळ्यांनाच हळूहळू पटतं.

३ जुलै

चौथ्या मुलाबद्दल आधी नीट लिहिलं नव्हतं. याला सगळे "फिजिक्समध्ये कच्चा" म्हणतात, तो स्वतः पण. आज शेजारी बसून त्याला प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत सोडवायला लावलं. ६ आणि ३ ओहमचे रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) समांतर जोडलेत. एक भागिले ६ अधिक एक भागिले ३, बरोबर, बेरीज ०.५, बरोबर, आणि खाली उत्तर: ०.५ ओहम. उलटं करायचं राहिलं. मागच्या वह्या बघितल्या तर जिथे जिथे समांतर जोडणी तिथे तिथे हेच, आणि प्रत्येक ठिकाणी लाल काट आणि शून्य मार्क, का चुकलं ते कुठेच लिहिलेलं नाही.

याला समांतर म्हणजे काय ते उत्तम कळतं, दोन रस्ते असले की करंटला जायला सोपं होतं हे त्यानेच मला सांगितलं. अडलंय ते अपूर्णांकात. मग आज अपूर्णांकच केले. आणि एक चेक शिकवला: दोन रेझिस्टन्स समांतर असतील तर एकूण उत्तर लहानापेक्षा कमी आणि लहानाच्या निम्म्यापेक्षा जास्त (दोन्ही सारखे असतील तर बरोबर निम्मं). इथे ३ आणि १.५ च्या मधे यायला हवं. ०.५ बसत नाही, २ बसतं. निम्मंच का, ते त्याने विचारलं आणि मग स्वतःच काढलं, सारखाच दुसरा रस्ता दिला तर करंट दुप्पट, म्हणून निम्मं, आणि दुसरा रस्ता त्याहून अवघड असेल तर तेवढा फायदा होणार नाही. कच्चा मुलगा असं बोलत नाही.

मला याचा राग येतो. पोराच्या माथी शिक्का बसला आणि खरी अडचण होती एका पायरीची, जी शेजारी बसून बघितलं तर पाच मिनिटांत दिसते.

१० जुलै

आज थोडक्यात. मागचे प्रश्न कपडे बदलून परत विचारले: नाण्याच्या जागी बर्फावर सरकणारी चकती, मग इंजिन बंद केलेलं अवकाशयान. चकतीला एकाने परत पुढचा बाण काढला. अपेक्षितच होतं. मध्ये वेळ जाऊ देऊन परत विचारल्याशिवाय काय राहिलं काय गेलं ते कळत नाही, आणि आठवायला लागणारे कष्टच ते पक्कं करतात.

२४ जुलै

परावलंबन. याबद्दल लिहायलाच हवं कारण शिकवणीचा हा खरा धोका आहे. सूत्रवाला मुलगा आता प्रत्येक ओळीनंतर माझ्या तोंडाकडे बघतो, "बरोबर ना ताई?" माझी भुवई हलली तरी तो उत्तर बदलतो. परीक्षेत मी नसणार आहे.

म्हणून तपासायची हत्यारं त्याच्या हातात द्यायला सुरुवात केली. पहिलं, एकक जुळतंय का. दुसरं, टोकाची किंमत घालून बघ. आज घर्षण नसलेल्या उतारावरचा ठोकळा होता, त्याने त्वरण जी गुणिले कॉस थीटा (थीटा म्हणजे उताराचा कोन) लिहिलं आणि बघितलं माझ्याकडे. मी म्हटलं, उतार शून्य कर. त्याने शून्य घातलं, कॉस शून्य म्हणजे १, त्वरण जी आलं. म्हणजे सपाट फरशीवर ठेवलेला ठोकळा आपोआप जी ने पळतोय? "नाही नाही, साइन पाहिजे." आणि ९० ला? साइन ९० म्हणजे १, त्वरण जी, सरळ खाली पडतोय, बरोबर. नंतरच्या दोन गणितांना त्याने मला काहीच विचारलं नाही, स्वतःच शून्य आणि ९० घालून बघितलं.

७ ऑगस्ट

सर्किट. आज खऱ्या सेल, वायर आणि सारखे छोटे बल्ब घेऊन बसलो.

प्रश्न असा: तीन सर्किट, प्रत्येकात सारखीच बॅटरी. पहिल्यात एक बल्ब, दुसऱ्यात दोन एकापाठोपाठ (सिरीज), तिसऱ्यात दोन समांतर. पाचही बल्ब उजेडाप्रमाणे लावा. मॅकडरमॉट आणि शॅफर यांनी हा प्रश्न विद्यापीठातल्या मुलांना विचारला होता, १९९२ ला छापलं, आणि कारणासकट बरोबर सांगणारे साधारण १५ टक्केच निघाले, शिकून झाल्यावर सुद्धा. आदर्श बॅटरी, म्हणजे आतून काहीच अडथळा नसलेली, धरली तर एकटा बल्ब आणि समांतरचे दोन्ही सारखे, आणि सिरीजमधले दोन्ही त्यांच्यापेक्षा मंद पण आपसात सारखे.

जोडायच्या आधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा आणि कारण पण लिहायचं, हा नियम कडक आहे. अंदाज लिहिला नाही तर माणूस निकाल बघून "मला हेच वाटलं होतं" म्हणतो आणि शिकतो काहीच नाही. दोघांनी लिहिलं की सिरीजमधला पहिला बल्ब जास्त पेटेल कारण करंट तिथे खर्च होतो आणि दुसऱ्याला उरलेला मिळतो. तिघांनी लिहिलं की समांतरमध्ये करंट वाटला जातो म्हणून दोन्ही मंद, म्हणजे बॅटरी कायम तेवढाच करंट देते असं त्यांनी धरलंय.

जोडलं. सिरीजचे दोन्ही सारखे मंद. शांत मुलीने बल्बची अदलाबदल करून बघितली, बॅटरी उलटी करून बघितली, तरी सारखेच. मग ती म्हणाली, "करंट खर्च होत नाही, मग खर्च काय होतं?" ऊर्जा. हा प्रश्न तिच्या तोंडून आला म्हणून उत्तराला जागा होती तिच्या डोक्यात, मी आधीच सांगितलं असतं तर वहीत गेलं असतं फक्त. समांतरचे दोन बल्ब एकट्यापेक्षा किंचित मंद दिसले आणि ज्यांनी मंद लिहिलं होतं ते खूश झाले, पण अपूर्णांकवाला मुलगा म्हणाला की निम्मे व्हायला हवे होते मग, एवढे कसे पेटले? त्यातून बॅटरीच्या आतल्या रेझिस्टन्सपर्यंत गेलो, जे आज करायचं ठरलंच नव्हतं.

२१ ऑगस्ट

एकत्र तासाला मी कोपऱ्यात बसले. शांत मुलीने टेबल आणि पुस्तकाचं प्रकरण सूत्रवाल्याला परत समजावलं, कारण तो ट्रक आणि कारच्या टकरीत अडकला होता, ट्रक जास्त जोराने मारतो म्हणत होता. ती म्हणाली, नावं उलटी कर, ट्रकने कारवर आणि कारने ट्रकवर, सारखेच, पण कारचं वस्तुमान कमी म्हणून तिचं त्वरण जास्त, म्हणून तीच चेपते. जून महिन्यात ही मुलगी एक वाक्य बोलत नव्हती.

गणितांची कार्डं पण दिली, सोडवायची नाहीत, फक्त गट करायचे. ची, फेल्टोविच आणि ग्लेसर यांच्या १९८१ च्या कामातली कल्पना आहे, नवखे लोक दिसण्यावरून गट करतात, उताराची, स्प्रिंगची, पुलीची, आणि जाणकार तत्त्वावरून करतात, ऊर्जा टिकते ती, न्यूटनचा दुसरा नियम लागतो ती. सुरुवातीला हेच करून घेतलं होतं तेव्हा चौघांचे गट उतार आणि पुलीचेच होते. आज दोघांनी उतार आणि स्प्रिंग एकाच गट्ठ्यात टाकले, ऊर्जा म्हणून. बाकी दोघं अजून मधेच आहेत.

११ सप्टेंबर

परीक्षेचे मार्क आले. अपूर्णांकवाल्याची झेप सगळ्यात मोठी, शांत मुलगी पण चांगली वर गेली. सूत्रवाल्याचे मार्क जवळपास तेवढेच, त्याचे आधीपासूनच बरे होते, पण त्याचा पेपर मी बघितला, आता आकृत्या आहेत त्यात, आधी नुसती सूत्रं असायची. चांगल्या मार्कवालीचे दोन मार्क कमी झाले आणि ती नाराज आहे, तिने एका प्रश्नात स्वतःचं बरोबर कारण लिहून नंतर खोडलेलं दिसतंय. तिच्याशी वेगळं बोलायचंय, मार्कांबद्दल नाही, खोडलं का त्याबद्दल.

व्होल्टेज मात्र कोणाचंच नीट बसलेलं नाही. करंट आणि व्होल्टेज हे शब्द एकाच्या जागी दुसरा वापरतात अजून, "व्होल्टेज वाहतं" असं आज पण ऐकलं. पुढच्या तासांना मीटर घेऊन दोन बिंदूंमधलं मोजायचं, प्रत्येक वेळी "कुठपासून कुठपर्यंत" हे बोलूनच, जसं फोर्सला "कोणाने कोणावर" केलं तसं.

आणि प्रकाश सुरू करतोय. प्रश्न देऊन झालाय: बहिर्गोल भिंगाने मेणबत्तीची प्रतिमा पडद्यावर आणली, आता भिंगाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला, तर पडद्यावर काय दिसेल? तिघांनी लिहिलं अर्धी प्रतिमा जाईल, त्यातही वरची जाईल की खालची यावर वाद चाललाय. शांत मुलीने लिहिलंय की पूर्ण दिसेल पण फिकी, आणि कारणाच्या जागी लिहिलंय, "ज्योतीच्या प्रत्येक टोकाचा उजेड अख्ख्या भिंगावर पडतो ना." कागद माझ्याकडे ठेवलेत. शुक्रवारी भिंग, मेणबत्ती, पडदा आणि पुठ्ठा, आणि बाकी तिघांना तिच्याशी आधी भांडू द्यायचं, मग पेटवायची.